'गळ्याभोवती नाळ' वाचून हातपाय गाळू नका, आधी रिपोर्टमधल्या नाळेच्या बाकीच्या ओळी वाचा

सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडला की आपण काय करतो, थेट शेवटचं पान उघडतो, जो शब्द कळत नाही तो मोबाईलवर टाकतो आणि मग रात्रभर डोळ्याला डोळा नाही. माझंही तेच झालं होतं. पहिल्या वेळी पाचव्या महिन्याच्या स्कॅनमध्ये 'टू व्हेसल कॉर्ड', म्हणजे नाळेत तीनऐवजी दोनच रक्तवाहिन्या, असं लिहून आलं, रिपोर्ट देणाऱ्याने नुसतं "डॉक्टरांना दाखवा" म्हटलं आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट चार दिवसांनी. त्या चार दिवसांत मी जे काही वाचलं त्यातलं अर्धं चुकीचं होतं आणि उरलेलं माझ्या केसला लागूच नव्हतं. म्हणून आता नाळेबद्दल रिपोर्टमध्ये काय बघायचं, कुठे थांबून प्रश्न विचारायचा आणि कुठे सरळ पुढचं पान उलटायचं, ते एका जागी लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं हे तरी माहीत असू दे.

आधी थोडं बेसिक. नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात, दोन धमन्या आणि एक शीर. इथे सगळा कारभार उलटा असतो, म्हणजे शाळेत आपण शिकलो की धमनीत शुद्ध रक्त, पण नाळेत ऑक्सिजनवालं रक्त वारेकडून (वार म्हणजे प्लासेंटा) बाळाकडे आणते ती शीर, आणि वापरलेलं रक्त परत नेतात त्या धमन्या. या तिघींभोवती एक घट्ट जेलीसारखा पदार्थ असतो, त्याला व्हार्टन जेली म्हणतात, थॉमस व्हार्टन नावाच्या इंग्लिश डॉक्टरने १६५६ साली त्याचं वर्णन केलं म्हणून ते नाव. नाळ वळली, दबली, बाळाने हातात धरून खेळली तरी रक्त चालू राहतं ते या जेलीमुळे आणि नाळेला असलेल्या पिळामुळे. पूर्ण दिवस भरल्यावर नाळ साधारण ५० ते ६० सेंमी लांब असते.

आता रिपोर्ट घ्या हातात. १८ ते २२ आठवड्यांचा जो अ‍ॅनोमली स्कॅन, म्हणजे बाळाचे सगळे अवयव नीट आहेत का बघायची सोनोग्राफी असते त्यात नाळेबद्दल दोन गोष्टी लिहिलेल्या असायला हव्यात, एक म्हणजे रक्तवाहिन्या किती आणि दुसरी म्हणजे नाळ वारेला कुठे जोडलेली आहे. पहिली बहुतेक रिपोर्टमध्ये असते. दुसरी बऱ्याचदा नसते, आणि माझ्या मते खरी महत्त्वाची तीच. सोनोग्राफी चालू असतानाच विचारून टाका, "नाळ वारेला मधोमध जोडलीय का कडेला, दिसतंय का?" नंतर बाळ मोठं झालं की ही जागा नीट दिसत नाही, त्यामुळे आत्ता विचारण्यात फायदा आहे.

मधोमध किंवा मधापासून जरा बाजूला असेल तर विषय संपला. वारेच्या कडेपासून २ सेंमीच्या आत असेल तर त्याला मार्जिनल इन्सर्शन म्हणतात, हे तसं बऱ्यापैकी कॉमन आहे, बाळाची वाढ बघायला पुढे एखादा स्कॅन जास्त करतात एवढंच. तिसरा प्रकार व्हेलामेंटस, साधारण १०० गरोदरपणांत एखादा. यात नाळ वारेला लागतच नाही, आधी पाणमोटीच्या पडद्यांना लागते आणि तिथून रक्तवाहिन्या उघड्याच, जेलीचं कव्हर नसताना, पडद्यांमधून वारेपर्यंत जातात. जुळ्यांमध्ये, त्यातही दोघांची वार एकच असेल तर, आणि आयव्हीएफच्या गरोदरपणात हे जास्त दिसतं.

व्हेलामेंटस असं लिहून आलं तर एकच प्रश्न ताबडतोब विचारायचा, की या उघड्या रक्तवाहिन्या गर्भाशयाच्या तोंडावरून जातायत का. जात असतील तर तो वासा प्रीव्हिया. नाळेच्या सगळ्या भानगडींत मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटत असेल तर याची, आणि गंमत म्हणजे याचं नाव बहुतेक जणींनी ऐकलेलंही नसतं. होतं असं की पाणमोट फुटते तेव्हा त्या रक्तवाहिन्याही फाटू शकतात आणि जे रक्त जातं ते आईचं नसून बाळाचं असतं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त, त्यामुळे कपभर गेलं तरी खेळ संपू शकतो. पण हेच आधी कळलं तर चित्र पूर्ण पालटतं. २००४ मध्ये १५५ केसेसचा एक अभ्यास आला होता, त्यात आधी निदान झालेल्यांपैकी ९७ टक्के बाळं वाचली आणि निदान न झालेल्यांत फक्त ४४ टक्के. एवढा फरक फक्त आधी बघण्याने पडतो. निदान योनीमार्गातून केलेल्या कलर डॉपलर सोनोग्राफीने, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीने होतं, त्याने बाळाला काही इजा होत नाही, आणि निदान झालं की कळा सुरू व्हायची वाट न बघता साधारण ३४ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान ठरवून सिझर करतात.

अजून एक गोष्ट इथेच सांगते कारण ती हमखास सुटते. पाचव्या महिन्यात 'वार खाली आहे' असं लिहून आलं होतं आणि नंतरच्या स्कॅनमध्ये 'वार वर सरकली' म्हणाले, की आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण वार वर गेली तरी तिच्या काही रक्तवाहिन्या खालीच राहिलेल्या असू शकतात, म्हणून अशा केसमध्ये ३२ आठवड्यांच्या आसपास गर्भाशयाच्या तोंडावर रक्तवाहिनी नाही ना हे कलर डॉपलरने एकदा बघून घ्या असं सांगतात. तुमच्या डॉक्टरांना आठवण करून द्यायला लाजू नका.

आता माझीवाली, टू व्हेसल कॉर्ड. यालाच सिंगल अम्बिलिकल आर्टरी पण लिहितात, म्हणजे दोनऐवजी एकच धमनी. साधारण अर्धा ते एक टक्का गरोदरपणांत सापडते, म्हणजे अगदी दुर्मीळ काही नाही. बघतात कशी तर कलर डॉपलर लावून बाळाच्या मूत्राशयाच्या दोन्ही बाजूंनी धमन्या जाताना दिसतात का ते, दोन्हीकडे रंग दिसला की दोन, एकाच बाजूला दिसला की एक. हे आलं की लगेच 'काहीतरी मोठं' असं नाही, सगळा प्रश्न बाकीचं बाळ नॉर्मल आहे का याचा आहे. किडन्या दोन्ही आहेत का, हृदयाचे सगळे व्ह्यू नीट दिसले का, मणका, पोट, हे सगळं त्याच स्कॅनमध्ये पुन्हा नीट बघायला सांगा. हृदय नीट दिसलं नसेल तर बाळाच्या हृदयाची वेगळी इको, म्हणजे फक्त हृदयाची सोनोग्राफी करतात. बाकी सगळं नॉर्मल असेल तर त्याला आयसोलेटेड म्हणतात, आणि नुसतं तेवढ्यासाठी पोटातलं पाणी काढून क्रोमोझोमची टेस्ट करायची गरज नसते, फक्त शेवटच्या तीन महिन्यांत वाढीचा स्कॅन करतात कारण काही बाळं थोडी लहान राहतात. माझं असंच होतं. बाळ जरा बारीक निघालं, बाकी आता पळतंय घरभर.

दुसऱ्या बाजूला, एका धमनीबरोबर आणखी काही सापडलं तर मात्र गोष्ट वेगळी, तेव्हा जेनेटिक टेस्टबद्दल सविस्तर बोलायला हवं आणि शक्य असेल तर गर्भाच्या सोनोग्राफीतल्या स्पेशालिस्टकडे एकदा दाखवा.

मग येतं डॉपलर. सातव्या-आठव्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये 'अम्बिलिकल आर्टरी पीआय', 'आरआय', 'एस/डी रेशो' असे आकडे असतात, नाळेच्या धमनीत रक्ताला किती अडथळा होतोय ते सांगणारे, आणि लोक ते आकडे एकमेकींशी ताडून बघतात, "माझं २.४ आलं तुझं किती?" हे अजिबात करू नका, कारण हे आकडे आठवड्यागणिक कमी होत जातात आणि २८ व्या आठवड्याला जे नॉर्मल ते ३६ व्याला जास्त असू शकतं. आकड्यापुढे त्या आठवड्याच्या हिशोबाने पर्सेंटाइल काय, म्हणजे तेवढ्याच आठवड्यांच्या शंभर बाळांत आपला आकडा कितव्या नंबरवर, ते बघायचं, ९५ च्या वर गेला तर त्याला वाढलेला म्हणतात.

यामागची गोष्ट सोपी आहे. बाळाचं हृदय ठोका मारतं तेव्हा नाळेच्या धमनीतून रक्त जोरात वारेकडे जातं, पण वार नीट काम करत असेल तर तिच्या बारीक रक्तवाहिन्या इतक्या मोकळ्या असतात की दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीतही रक्त पुढेच वाहत राहतं. डॉपलरच्या ग्राफमध्ये उंच डोंगर दिसतात ते ठोके, आणि दोन डोंगरांमधली दरी तळाला टेकत नाही ती या मधल्या वाहण्यामुळे. वार बिघडली की अडथळा वाढतो आणि ती दरी खोल होत जाते. आधी मधला प्रवाह कमी होतो, मग तळाला टेकतो, याला रिपोर्टमध्ये अ‍ॅबसेंट एंड डायस्टॉलिक फ्लो लिहितात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रिव्हर्स्ड, दोन ठोक्यांच्या मधे रक्त उलटं बाळाकडे येतं. हे दोन शब्द रिपोर्टमध्ये दिसले तर उद्या बघू, परवा बघू करायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. बाळाची वाढ खुंटलेली असताना अ‍ॅबसेंट आला तर साधारण ३३-३४ आठवड्यांना आणि रिव्हर्स्ड आला तर ३०-३२ आठवड्यांना डिलिव्हरी करण्याचा विचार करतात, तोवर अ‍ॅडमिट करून रोज लक्ष ठेवतात, बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. प्रत्येकीचं वेगळं असतं त्यामुळे हे आकडे घेऊन डॉक्टरांशी भांडायला जाऊ नका.

पण एक रीडिंग खराब आलं म्हणून लगेच रडू पण नका. डॉपलर कुठे लावलं यावर आकडा बदलतो, बाळाच्या पोटाजवळ मोजलं तर जास्त येतो आणि वारेजवळ मोजलं तर कमी, म्हणून मधल्या मोकळ्या भागात मोजायचं असतं, आणि बाळ हलत असताना किंवा श्वासाच्या हालचाली करत असताना मोजायचं नसतं. त्यामुळे काठावरचा आकडा असेल तर परत एकदा मोजून घेतात. सोबत 'एमसीए' म्हणून बाळाच्या मेंदूच्या रक्तवाहिनीचंही डॉपलर करतात, कारण ऑक्सिजन कमी पडायला लागला की बाळ आपलं रक्त मेंदूकडे वळवतं, आणि ते तिथे दिसतं. हेही सांगते, सगळं नॉर्मल असलेल्या, बाळाची वाढ चांगली असलेल्या बाईला दर महिन्याला नाळेचं डॉपलर करून काही वेगळा फायदा होतो असं दिसलेलं नाही. ज्यांना बीपी आहे, बाळ लहान आहे, आधीच्या वेळी प्रॉब्लेम झालाय, त्यांच्यासाठी ही टेस्ट सोन्यासारखी. बाकीच्यांनी हट्ट धरू नये.

आता ज्याच्यासाठी बहुतेक जणी इथे आल्या असतील ते, गळ्याभोवती नाळ. रिपोर्टमध्ये 'कॉर्ड अराउंड नेक' किंवा 'सिंगल लूप' लिहून आलं की घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात आणि कोणीतरी लगेच सिझरची तारीख विचारतं. जन्माच्या वेळी २० ते ३० टक्के बाळांच्या मानेभोवती नाळेचा वेढा असतो. म्हणजे दर चार-पाच बाळांत एक! बहुतेकांना काहीही होत नाही. भीती वाटते ती गळफास म्हणून, पण पोटातलं बाळ गळ्यातून श्वास घेतच नाही, त्याला ऑक्सिजन नाळेतूनच मिळतो, त्यामुळे गळा आवळला जाईल हा हिशोबच चुकीचा. प्रश्न असला तर नाळ दबण्याचा, आणि ती दबते का हे कळांमध्ये बाळाचे ठोके मशीनवर बघून कळतं. दबली तर ठोके अचानक खाली जाऊन परत वर येतात, अधूनमधून असं झालं तर आईची कूस बदलून बघतात, वारंवार आणि खोल व्हायला लागलं तर डॉक्टर निर्णय घेतात. डोकं बाहेर आलं की वेढा सैल असेल तर डॉक्टर बोटाने डोक्यावरून काढून टाकतात, दहा सेकंदांचं काम. शिवाय आज दिसलेला वेढा पुढच्या आठवड्यात सुटलेला असू शकतो, बाळ आत कोलांट्या मारत असतं. नुसता वेढा आहे म्हणून सिझर, असं कोणी म्हणालं तर शांतपणे विचारा की आणखी काही कारण आहे का.

नाळेला गाठ असणं म्हणजे दोरीला बसते तशी खरी गाठ, ती साधारण शंभरात एखादी, आणि बहुतेक वेळा जन्मानंतरच कळते, गाठ पडूनही ठणठणीत बाळं जन्माला येतात. पीळ कमी-जास्त असणं, साधारण दर ५ सेंमीला एक पीळ असतो, त्यावरही अभ्यास झालेत, पण एकट्या पिळावरून कोणी काही ठरवत नाही. नाळेची लांबी सोनोग्राफीत मोजता येत नाही, सो ते विचारूच नका.

घरी आपल्या हातात काय आहे? बाळाच्या हालचाली. नाळ, वार, सगळं ठीक आहे का याचा आपल्याला रोज मिळणारा रिपोर्ट तोच. २८ आठवड्यांनंतर आपल्या बाळाची पद्धत ओळखा, कधी जास्त हलतं, कधी झोपतं. मोजायचंच असेल तर जेवल्यानंतर डाव्या कुशीवर पडून दोन तासांत १० हालचाली होतात का बघा, बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी होतात. पण आकड्यापेक्षा नेहमीपेक्षा कमी झालंय का हे जास्त महत्त्वाचं. "शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं" हे अगदी मोठ्या अनुभवी बायकाही सांगतात, ते खरं नाही, हालचालीचा प्रकार बदलतो, लाथेऐवजी लोळल्यासारखं वाटतं, पण कमी होत नाही. कमी वाटलं तर रात्री दोन वाजता पण दवाखान्यात जा. घरी ठोके ऐकायचं ते छोटं यंत्र मिळतं ना, त्याच्यावर ठोके ऐकू आले म्हणून जायचं टाळू नका, आपले स्वतःचे ठोके ऐकून समाधान मानणाऱ्या बायका असतात.

आणि एक इमर्जन्सी लक्षात ठेवा. पाणमोट फुटल्यावर योनीतून नाळ बाहेर आल्यासारखी वाटली, दोरीसारखं काही हाताला लागलं, तर लगेच गुडघे आणि छाती जमिनीला टेकवून, कंबर वर करून ओणवं व्हायचं, म्हणजे बाळाचं डोकं नाळेवर दाब देत नाही. ती नाळ आत ढकलायची नाही, सारखा हात लावायचा नाही, काही खायचं-प्यायचं नाही, दुसऱ्या कोणालातरी ॲम्ब्युलन्सला फोन करायला लावायचा. बाळ पायाळू किंवा आडवं असेल किंवा बाळाभोवतीचं पाणी खूप जास्त असेल तर याची शक्यता जास्त, अशा जणींनी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. पाण्याबरोबर रक्त दिसलं तरी तेच, वाट न बघता निघा.

डिलिव्हरीच्या वेळी एक गोष्ट आधीच बोलून ठेवा, नाळ लगेच कापू नका म्हणून. जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाळ ठीक असेल तर निदान १ मिनिट थांबून मग नाळ बांधावी. पहिल्या एका मिनिटात वारेतलं साधारण ८० मिली रक्त बाळाकडे जातं, त्यातलं लोह पुढचे कित्येक महिने पुरतं. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना तर याचा फायदा अजून जास्त. कावीळ थोडी जास्त होऊ शकते, दिव्याखाली ठेवावं लागू शकतं, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवायचं. सिझरमध्येही हे करता येतं. मात्र बाळाला लगेच श्वास द्यायची गरज पडली तर थांबत बसत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. कधी कधी जन्मानंतर नाळेतल्या धमनीचं रक्त घेऊन त्याचा पीएच, म्हणजे रक्त किती आम्ल झालंय ते, बघतात, तो ७ च्या खाली असेल तर बाळाला ऑक्सिजन कमी पडला होता असा अर्थ घेऊन त्याच्या मेंदूकडे जास्त लक्ष ठेवतात. वाढ खुंटलेलं बाळ असेल तर पहिले एक-दोन दिवस साखर तपासत राहतात आणि ऊब जपतात, बाळाला छातीशी उघडं धरून ठेवणं याला सगळ्यात चांगलं.

मग घरी आल्यावर उरतो तो नाळेचा तुकडा. त्याला काहीही लावायचं नाही, तेल नाही, पावडर नाही, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मलमही नाही. हात धुऊन मगच स्पर्श करायचा, कोरडा ठेवायचा, डायपर त्याच्या खाली दुमडायचा, शी-शू लागली तर स्वच्छ पाण्याने पुसून कोरडं करायचं. एक ते दोन आठवड्यांत तो काळा पडून आपोआप गळतो, लोंबकळत असला तरी ओढायचा नाही. पडताना एखादा थेंब रक्त दिसलं तर चालतं. पण बेंबीभोवतीची कातडी लाल होऊन लाली पसरत असेल, सूज असेल, पू किंवा घाण वास येत असेल, दाबून धरलं तरी रक्त थांबत नसेल, बाळ दूध ओढत नसेल, मलूल असेल, अंग तापलेलं किंवा गार पडलेलं असेल तर लगेच दाखवा, नवजात बाळात हे इन्फेक्शन फार पटकन आत पसरतं. तीन आठवडे झाले तरी पडली नाही तरी दाखवा. पडल्यावर बेंबीत छोटा गुलाबी ओलसर गोळा राहिला तर तो बहुधा ग्रॅन्युलोमा असतो, डॉक्टर त्यावर औषध लावतात आणि तो सुकतो, पण तिथून सतत पाण्यासारखं काही झिरपत असेल तर ते सांगायला विसरू नका.

फाइल मात्र फेकू नका. टू व्हेसल कॉर्ड असेल तर बालरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत तो रिपोर्ट दाखवा, किडनीची सोनोग्राफी लागेल का ते ते सांगतील. आणि या वेळी डॉपलर बिघडलं होतं, बाळ लहान होतं, तर पुढच्या वेळी पहिल्या तपासणीलाच ही फाइल घेऊन जा, कारण वारेचा हा त्रास परत होऊ शकतो आणि कुठले स्कॅन कधी करायचे हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात. मी तर सगळे रिपोर्ट फोनमध्ये फोटो काढून ठेवलेत, दुसऱ्या वेळी मूळ फाइल ऐनवेळी सापडलीच नव्हती.